पावालाही गाव असतं

कल्याण पश्चिमेला टिळक चौकाच्या आसपास ‘खिडकी वडा कुठे?’ असं विचारलं, तर शाळकरी पोरगंही हात करून दाखवतं. साठच्या दशकाच्या अखेरीस वझे कुटुंबाने राहत्या घराच्या खिडकीतून वडे विकायला सुरुवात केली आणि ती खिडकीच पुढे दुकानाचं नाव होऊन बसली. ठाण्यात स्टेशनाजवळ कुंजविहारचा भलाथोरला वडापाव आहे, नौपाड्यात गजाननचा बेसनाच्या पिवळ्या चटणीबरोबरचा वडापाव आहे, तहसील कार्यालयाच्या कडेला मामलेदारची झणझणीत मिसळ आहे. डोंबिवलीकर मुनमुनच्या मिसळीचं नाव अभिमानाने घेतात. कोणाची चटणी सरस आणि कोणाचा कट जहाल, यावर लोकलच्या डब्यात दिव्यापासून मुलुंडपर्यंत वाद रंगतो.

या सगळ्या पदार्थांचा अर्धा घास ज्याचा, त्या पावाबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. तो कोणत्या भट्टीतून आला, किती वाजता निघाला, भाजणारे हात कोणाचे, हे गिऱ्हाइकाला ठाऊक नसतं आणि विचारावंसं वाटतही नाही. वडा गावाचा, मिसळ गावाची, पाव मात्र बेवारस. खाण्याच्या बाबतीत इतक्या चोखंदळ असलेल्या शहरांना ही उपेक्षा शोभत नाही. शिवाय बेकऱ्यांच्या भट्ट्यांचा प्रश्न आता न्यायालयापर्यंत पोहोचल्यामुळे ती परवडणारीही नाही.

ठाण्याने तर पावाला परकं मानण्याचं काहीच कारण नाही. ‘पाव’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला. एका रोटीचे चार भाग म्हणून पाव, पीठ पायाने तुडवतात म्हणून पाव, अशा व्युत्पत्त्या अजूनही सांगितल्या जातात, पण त्यांना आधार नाही. १५३४ च्या तहानंतर वसईचा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला आणि ठाणे १७३७ साली मराठ्यांनी जिंकून घेईपर्यंत, म्हणजे दोनशे वर्षं, त्यांच्याच अमलाखाली होतं. आजचं ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह म्हणजे त्यांनी बांधायला घेतलेला किल्ला. तलावपाळीजवळचं सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च हीसुद्धा त्याच काळाची खूण. या भागातल्या ईस्ट इंडियन समाजाच्या लग्नाकार्यात आजही आंबवलेल्या पिठाचे फुगे तळले जातात. मैद्याचं पीठ फुगवून खाण्याची रीत या किनाऱ्याला पावभाजीच्या गाड्यांच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे.

तरीही मराठी घरात पाव सहजासहजी शिरला नाही. पाव खाणारा बाटतो, ही भीती पिढ्यानपिढ्या बाळगली गेली. परक्या हातचा चहा आणि बिस्किटं यांनीसुद्धा त्या काळी केवढा गहजब केला, हे पुण्याच्या पंचहौद मिशन प्रकरणातून दिसतं. १८९० साली तिथल्या एका कार्यक्रमात पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली आणि त्यावरून न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक यांच्यासह अनेकांना ग्रामण्याला तोंड द्यावं लागलं. पाव तर आंबवलेला, परधर्मीयांच्या भट्टीत भाजलेला. आजारी माणसाला दुधात बुडवून द्यायचा पदार्थ म्हणून तो आधी घरात आला, मग चहाबरोबर आला. त्याला खऱ्या अर्थाने सर्वांचा केला तो गिरणगावाने आणि रेल्वेने. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांनी बटाटेवडा पावात घालून विकायला सुरुवात केली, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. ताट लागत नाही, चमचा लागत नाही, बसायला जागा लागत नाही. सकाळी सहाला घर सोडणाऱ्या चाकरमान्याला याहून सोयीचं दुसरं काय मिळणार होतं? शंभर वर्षांपूर्वी ज्यावरून माणसं वाळीत पडायची भीती होती, तेच अन्न मराठी माणसाची ओळख बनलं. सामाजिक बदलाचं इतकं रोजचं, इतकं स्वस्त उदाहरण दुसरं सापडणं कठीण.

पाव एकच असतो, हा समजही खोटा आहे. वडापावाला लागतो तो लादी पाव. ट्रेमध्ये पिठाचे गोळे जवळजवळ मांडतात, ते फुगताना एकमेकांना चिकटतात आणि भट्टीतून सगळ्यांची मिळून एक लादी निघते. शेजाऱ्याला चिकटलेल्या बाजूंना थेट आच लागत नाही, म्हणून पापुद्रा फक्त वर आणि खाली येतो. बाजू तोडल्यावर कापसासारख्या दिसतात ते त्यामुळेच. ब्रुन पाव याच्या अगदी उलट. प्रत्येक गोळा सुटा भाजलेला, चारी बाजूंनी आच घेतलेला, चावताना कुरकुरणारा. त्यालाच कोणी कडक पाव म्हणतं, कोणी गुटली. इराणी हॉटेलांनी तो मस्का लावून चहात बुडवायला शिकवला. बन पाव गोडसर, कधी टुटीफ्रुटी घातलेला. कच्छहून आलेली दाबेली पावाच्या पोटात मसाला भरून तव्यावर शेकते. एकच पीठ, पण साखर किती, गोळे किती अंतरावर, आच किती, यावर पदार्थ पालटतो.

गोव्यात ही विविधता डोळ्यांत भरते. तिथे पाव भाजणाऱ्याला ‘पोदेर’ म्हणतात आणि सायकलच्या भोंग्यावरून तो गल्लीत आल्याचं घराघरांत कळतं. चौकोनी मऊ पाव, गोल आणि कडक उंडो, कोंड्याची पोकळ पोई, मधोमध कापल्यासारखा कात्रो, बांगडीच्या आकाराचं खुसखुशीत कांकण, अशी त्याच्या टोपलीतली नावं लहान मुलांनाही पाठ असतात. पूर्वी पीठ आंबवायला माडाची सूर वापरत. दहावीच्या इंग्रजीच्या राष्ट्रीय पाठ्यपुस्तकात गोव्याच्या या पाववाल्यावर एक धडा आहे. डोंबिवलीतल्या सीबीएसई शाळांतली मुलं तो धडा वाचून परीक्षेत उत्तरं लिहितात, पण आपल्या गल्लीतल्या पाववाल्याविषयी त्यांना दोन ओळी लिहायला सांगितल्या तर पेन अडेल.

खरं तर या मुलांच्या आसपासच पावाच्या कितीतरी कथा आहेत. डोंबिवली-कल्याणात सिंधुदुर्गातून आलेली हजारो कुटुंबं राहतात. त्यांच्या गावाकडे सकाळच्या न्याहारीला उसळ-पाव असतो. शेजारी उल्हासनगर आहे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांना आणून वसवलं गेलं आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं. सिंधी घरांत पावाला ‘डबल’ म्हणतात. शिळे तुकडे कांदा, लसूण, टोमॅटो आणि कोथिंबिरीच्या रश्शात शिजवून ‘सेयल डबल’ करतात. सगळं मागे टाकून आलेल्या माणसांनी शिळ्या पावाचासुद्धा मान राखला, ही गोष्ट स्टेशनापलीकडच्या मराठी घरांना बहुधा माहीतही नसेल.

मिसळीच्या बाबतीत तर पाव थेट प्रदेशाची सीमा आखतो. कोल्हापुरात मिसळीबरोबर ब्रेडचे स्लाइस येतात. पुण्यातल्या जुन्या मिसळवाल्यांकडेही तोच रिवाज. ठाण्याला मामलेदारकडे मात्र पाव. कोल्हापूरचा माणूस ठाण्यात येऊन ‘स्लाइस नाहीत?’ म्हणून विचारतो आणि ठाणेकर कोल्हापुरात पाव शोधत राहतो. दोघांचं म्हणणं आपापल्या जागी रास्त आहे. स्लाइस कट चटकन शोषून घेतो आणि तोंडात विरघळतो. लादी पाव रस्सा धरून ठेवतो, त्याला चावावं लागतं, आणि तेवढ्या वेळात जहाल तर्रीचा झटका थोडा ओसरतो. नाशिककडे वडापावच उलटा होतो. वडा पावात घालण्याऐवजी भाजी भरलेला पावच बेसनात बुडवून तळतात. असे भेद लिहून ठेवावेत इतके महत्त्वाचे आहेत, कारण रोज खाणाऱ्यांच्या जिभेने ते घडवले आहेत.

बाहेरच्या जगात लोक अशा भेदांचा अभिमान बाळगतात. जर्मनीत बर्लिनकर ज्या पावाला ‘श्रिप्पे’ म्हणतो, तशाच पावाला हॅम्बुर्गमध्ये ‘रुंडश्टुक’, बव्हेरियात ‘झेमल’ आणि श्वाबियात ‘वेकले’ म्हणतात. इंग्लंडमध्ये मँचेस्टरचा ‘बार्म’ नॉटिंगहॅममध्ये ‘कॉब’ होतो आणि कोव्हेंट्रीत ‘बॅच’. कोणता शब्द खरा, यावर तिथे हिरिरीने वाद होतात. फ्रान्सने तर बगेत नावाच्या लांब पावाचं कौशल्य आणि त्याभोवतीची संस्कृती नोव्हेंबर २०२२ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंदवून घेतली. त्या देशाने त्यामागे लावलेला विचार साधा होता: गल्लीतला बेकर टिकला तर गल्ली टिकते.

इथल्या गल्लीतल्या बेकरीपुढे आज काय वाढून ठेवलं आहे, हे पाहायचं तर मुंबईकडे नजर टाकावी. हवेच्या प्रदूषणाबद्दल स्वतःहून दाखल करून घेतलेल्या याचिकेत जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांचा विषय गांभीर्याने घेतला. इंधन बदलण्यासाठी वर्षाऐवजी सहा महिन्यांची मुदत समोर आली आणि महापालिकेने नोटिसा काढल्या. नव्या बेकऱ्यांना परवानगी द्यायची तर ती गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनावरच, असंही ठरलं. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीची हवा मुलुंडच्या नाक्यावर थांबत नाही. आज मुंबईला विचारलेला प्रश्न उद्या या शहरांनाही विचारला जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

या प्रश्नावर भावनिक होऊन चालणार नाही. धूर खरा आहे. लाकूड महाग पडतं म्हणून कित्येक भट्ट्यांत जुन्या फर्निचरचं भंगार जाळलं जातं. प्लायवूड, रंग, डिंक यांचा धूर साध्या लाकडाच्या धुराहून अधिक घातक. बेकरीच्या माडीवर राहणाऱ्या कुटुंबांनी तो वर्षानुवर्षं गिळला आहे. त्याहून अधिक गिळला आहे भट्टीसमोर रात्रभर उभ्या राहणाऱ्या कामगारांनी. उत्तर प्रदेशातून आलेली तरुण मुलं रात्री पीठ मळतात, पहाटे भाजतात आणि दिवसा त्याच गाळ्यात पिठाच्या पोत्यांशेजारी झोपतात. शहर झोपलेलं असताना ही माणसं शहराची न्याहारी तयार करतात. ‘लाकडाच्या भट्टीची चव’ जपायची म्हणून त्यांच्या फुफ्फुसांची किंमत मोजणं हा अन्याय आहे.

चवीचा मोठा भाग धुरात नसतोच. पावाला चव येते ती पीठ आंबायला दिलेल्या वेळामुळे. खमिरातले सूक्ष्मजीव पिठातल्या साखरेवर वाढतात, वायू सोडतात, आणि गव्हातल्या चिकट प्रथिनांच्या जाळीत तो वायू अडकून गोळा फुगतो. ही क्रिया सावकाश झाली की पावाला किंचित आंबूस, भरीव वास येतो. घाई केली, खमीर वाढवून तासाभरात माल काढला, की पाव फुगतो पण तोंडात भुसभुशीत लागतो. दुसरा वाटा भट्टीच्या विटांचा. विटा उष्णता धरून ठेवतात आणि ती चहूबाजूंनी सारखी सोडतात. त्या विटा लाकडाने तापवल्या की गॅसच्या ज्योतीने, हे गोळ्याला कळत नाही. तेव्हा भट्टी ठेवून इंधन बदलणं हाच शहाणपणाचा मार्ग आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत महानगर गॅसची पाइपलाइन घरोघरी पोहोचते आहे. ती बेकरीच्या दारापर्यंत प्राधान्याने नेणं अशक्य नाही.

अडचण आहे ती पैशाची आणि जागेची. लहान बेकरीवाल्याचा गाळा बहुधा भाड्याचा असतो, कागदपत्रं अर्धवट असतात, आणि पावामागे सुटणारे पैसे मोजकेच. त्याला नुसती नोटीस दिली तर तो भट्टी विझवून गाळा मोकळा करील. त्याच्या जागी मोबाइलचं दुकान येईल आणि पाव येईल शहराबाहेरच्या मोठ्या कारखान्यातून, प्लास्टिकच्या पिशवीत बंद, चार दिवस मऊ राहील अशा बेताने केलेला. धूर थांबेल हे खरं. पण त्याबरोबर सकाळ-संध्याकाळ गरम निघणारी लादीही थांबेल. नियम कडक हवाच, पण तो पाळता यावा म्हणून मदतीचा हातही तितकाच भक्कम हवा. ठाणे महापालिका १९८२ साली आणि कल्याण-डोंबिवली महापालिका १९८३ साली स्थापन झाली. चाळिशी ओलांडलेल्या या दोन्ही संस्थांनी आपल्या हद्दीतल्या बेकऱ्यांची यादी जाहीर करावी. कोणती भट्टी कोणत्या इंधनावर चालते, बदलासाठी काय लागेल, हे प्रभागवार मांडावं. गॅसजोडणीसाठी एक खिडकी, स्वस्त कर्जाची सोय आणि कामगारांच्या झोपण्याच्या जागेची तपासणी, या तीन गोष्टी एकाच योजनेत बसवाव्यात.

पावावर दुसरा आक्षेप आहे तो मैद्याचा. डॉक्टर तो घेतात आणि तो बरोबर आहे. मैद्यात कोंडा नसतो, पोट लवकर रिकामं होतं, रक्तातली साखर भराभर चढते. मधुमेहाने घेरलेल्या या शहरांत रोज तीन-चार पाव खाणं हिताचं नाही. पण मग पर्याय मागायला हवा. गोव्याची पोई कोंड्यासकट असते आणि ती शतकभरापेक्षा जुनी आहे. डोंबिवलीच्या एखाद्या बेकरीने आठवड्यातून दोन दिवस कोंड्याचा पाव काढला आणि गिऱ्हाइकांनी तो उचलला, तर बाकीच्या बेकऱ्या आपोआप मागे येतील. मागणी नसेल तर कोणताही बेकर प्रयोग करणार नाही.

पावात काय मिसळलं जातं, याची चौकशीही गिऱ्हाइकाने करावी. पीठ जास्त फुगावं म्हणून पोटॅशियम ब्रोमेट वापरलं जात असे. मे २०१६ मध्ये दिल्लीतल्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने ब्रेड आणि पावाच्या नमुन्यांत त्याचे अंश सापडल्याचं जाहीर केलं आणि महिनाभरात अन्न सुरक्षा प्राधिकरणाने त्याच्या वापरावर बंदी घातली. सुट्या लादीवर लेबल नसतं. तिथे एकच कसोटी लागू पडते, ती म्हणजे ओळखीची. ज्या बेकरीवाल्याचा चेहरा माहीत आहे, ज्याची भट्टी आत जाऊन पाहता येते, त्याला ‘यात काय घालतोस?’ असं विचारता येतं. कारखान्याला विचारता येत नाही.

घरी आणलेल्या पावाचीही थोडी समज हवी. बहुतेक घरांत उरलेली लादी फ्रीजमध्ये जाते आणि दुसऱ्या दिवशी ती चामड्यासारखी झाली म्हणून बेकरीवाल्याला शिव्या बसतात. दोष फ्रीजचा असतो. पावातला स्टार्च थंडीत लवकर घट्ट होतो, त्यामुळे बाहेर ठेवलेल्या पावापेक्षा फ्रीजमधला पाव आधी शिळा पडतो. ठेवायचाच असेल तर बर्फाच्या कप्प्यात ठेवावा, नाहीतर स्वच्छ फडक्यात गुंडाळून त्याच दिवशी संपवावा. शिळा पाव तव्यावर गरम केला की पुन्हा मऊ पडतो, कारण उष्णतेने तोच स्टार्च सैल होतो. पावभाजीवाला पाव लोण्यात परततो त्यामागे चवीबरोबर हेही शास्त्र आहे.

शेवटी एक अगदी सोपी, बिनखर्चाची गोष्ट. वडापावाच्या गाड्यांवर आणि मिसळीच्या दुकानांत पाटी असते, त्यावर मालकाचं नाव असतं, स्थापनेचं साल असतं, कधी वडिलांचा फोटो असतो. त्याच पाटीवर खाली एक ओळ वाढवावी: ‘आमचा पाव अमुक बेकरीचा’. खिडकी, कुंजविहार, गजानन, मामलेदार, मुनमुन यांसारख्या नावाजलेल्या ठिकाणांनी हा पायंडा पाडला, तर बाकीच्या गाड्यांवरही तो दिसायला लागेल. बेकरीला नाव मिळालं की तिला ते राखावं लागतं; पीठ नीट आंबवावं लागतं, भट्टी स्वच्छ ठेवावी लागते. महापालिका यादी करतील तेव्हा करतील. उद्या सकाळी वडापाव घेताना ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या प्रत्येक खवय्याने गाडीवाल्याला एवढंच विचारावं, “पाव कुठला?”